कोजागिरीनंतरचं पाणी

वैनगंगा निवळायला कोजागिरी उजाडावी लागते. तिच्या आधी कठाणी निवळते आणि कठाणीच्याही आधी तिला जंगलातून येऊन मिळणारे नाले. हस्ताचा पाऊस ओसरला, चित्राचं ऊन पाठीला चटके देऊ लागलं की नाल्यांच्या तळाचे गोटे दिसायला लागतात. मग कठाणी, खोब्रागडी, सती या मधल्या नद्यांची पाळी. वैनगंगेला वेळ लागतो, कारण ती थेट शिवनी जिल्ह्यापासून माती घेऊन येते, आणि वर पवनीजवळ गोसीखुर्द धरणाचे दरवाजे कधी आणि किती उघडायचे हे आता तिच्या हातात राहिलेलं नाही. सगळ्यांत शेवटी वर्धा. काळ्या मातीच्या मुलखातून आणि वणी-बल्लारपूरच्या कोळसापट्ट्यातून येणारी ही नदी दिवाळीतही गढूळच असते.

मी गडचिरोली जिल्ह्यात बँकेत नोकरी केली. आरमोरी, चामोर्शी, अहेरी अशा बदल्या होत राहिल्या आणि प्रत्येक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थांची खाती माझ्या टेबलावर आली. जाळ्यासाठी कर्ज, डोंग्यासाठी कर्ज, बोटुकलीसाठी, म्हणजे तळ्यात सोडायच्या माशांच्या पिल्लांसाठी, कर्ज. हप्ता कधी येईल हे समजायचं असेल तर नदी कधी मासे देते हे समजायला हवं. म्हणून मी मासेमारी करणाऱ्या धिवरांशी बोलत गेलो. गरी टाकायचा नाद मात्र त्याहून जुना, ब्रह्मपुरीकडच्या लहानपणातला. बांबूची काठी, तंगूस, गांडूळ आणि दुपार. आता निवृत्त आहे, गांडुळं खणायला वेळच वेळ आहे, आणि नेमका आता मी पिसांचा खोटा किडा वापरतो.

त्याचं श्रेय माझ्या भाच्याला. तो मला हिमाचलात तीर्थन नदीवर घेऊन गेला आणि ट्राउट माशासाठीची फ्लाय फिशिंगची काठी त्याने माझ्या हातात दिली. ही रीत आपल्या गरीच्या अगदी उलट आहे. गरीत वजन आमिषाला किंवा शिशाच्या गोळीला असतं आणि तेच दोरीला ओढून नेतं. फ्लाय म्हणजे गळावर पिसं, केस आणि दोरा गुंडाळून केलेला किडा. त्याला वजन असं नसतंच, त्यामुळे तो फेकता येत नाही. म्हणून वजन दोरीला दिलेलं असतं. ही जाडसर दोरी डोक्यावरून मागे-पुढे झुलवत हवेतच लांब करायची आणि तिच्या टोकाला बांधलेल्या बारीक, न दिसणाऱ्या तंगुसाच्या शेवटी तो किडा पाण्यावर अलगद उतरवायचा. पहिल्या दिवशी माझा किडा बहुतेक वेळ माझ्याच टोपीत अडकलेला होता. पण एकदा दोरी सरळ जाऊन पडली आणि मी कामातून गेलो.

परत येताना डोक्यात एकच विचार: हे कठाणीवर का नाही?

ट्राउट इथे येणार नाही हे उघड आहे. तो मुळात भारतातला मासाच नव्हे. इंग्रजांनी १९०० च्या सुमारास त्याची अंडी स्कॉटलंडहून काश्मिरात आणली. पुढे तो कुलूत गेला, निलगिरीतही गेला. जिथे जिथे गेला तिथे थंड पाणी होतं. पाणी २० अंशांच्या वर चढलं की ट्राउट बेचैन होतो आणि २५ च्या आसपास त्याच्या जिवावर बेततं. कारण साधं आहे. पाणी जितकं गार तितका त्यात प्राणवायू जास्त विरघळतो. १० अंशांच्या पाण्यात दर लिटरला सुमारे ११ मिलिग्रॅम, २० अंशांना ९, आणि ३० अंशांना जेमतेम साडेसात. शिवाय पाणी तापलं की माशाच्या शरीराची प्राणवायूची मागणी वाढते. म्हणजे गरज वाढते तेव्हाच पुरवठा घटतो. चंद्रपूर आणि ब्रह्मपुरी ही नावं मे महिन्यात देशातल्या सर्वांत तापलेल्या गावांच्या यादीत असतात. हवेतल्या ४६-४७ अंशांचं आम्हाला अप्रूप नाही. मी दुधाचा थर्मामीटर दोरीला बांधून नदीत सोडतो. कार्तिकात सकाळी कठाणी २२-२३ दाखवते, पौषात १८-१९ पर्यंत उतरते, आणि चैत्र संपता संपता उथळ पाणी तिशी ओलांडून जातं.

ट्राउट आला नाही, पण त्याच्या नद्यांवरचा एक नियम आता सगळीकडे पोचला आहे. पकडा, फोटो काढा, सोडून द्या. सोडूनच देणार असाल तर वर्षभर पकडा, कुणाचं काही बिघडत नाही. पुण्या-नागपूरहून भारी काठ्या घेऊन येणारी तरुण मुलं मला हे फार खात्रीने सांगतात. मला ते पटत नाही. निदान गडचिरोली आणि चंद्रपूर या दोन जिल्ह्यांत तरी मासा वाचतो की मरतो हे तुम्ही त्याला सोडलात का यापेक्षा कुठल्या महिन्यात पकडलात यावर ठरतं.

खुद्द ट्राउटच्या राज्यातही वर्षभर मोकळीक नाही. हिमाचलात ट्राउटच्या नद्यांवर १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर बंदी असते, कारण ट्राउट हिवाळ्यात अंडी घालतो. त्याच हिमाचलात जलाशयांमधली मासेमारी जूनच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत बंद ठेवतात, कारण तिथले रोहू-कतल्याच्या जातकुळीचे मासे पावसात वितात. एक राज्य, दोन मासे, दोन पंचांगं. आपलं पंचांग दुसऱ्या प्रकारचं आहे.

मृगाचा पाऊस पडला, नाल्यांना गढूळ पाणी आलं की अंड्यांनी भरलेले मासे प्रवाहाच्या उलट चढायला लागतात. चढणीचे मासे म्हणजे गावागावांतला सण असतो. वीतभर पाण्यात, धानाच्या बांधीत, रस्त्याच्या मोरीखाली, मिळेल तिथे पोरंसोरं टोपल्या घेऊन उभी असतात. मीही उभा राहिलो आहे. त्या दिवसांत खाल्लेल्या रश्श्याची चव मी नाकारणार नाही. पण एक अंडीवाली मादी म्हणजे हजारो, मोठी असेल तर लाखो अंडी, हा हिशेब बँकवाल्याला सुटत नाही. आणि इथे सोडून देण्याचा काही उपयोगही नाही. धापा टाकत चढणाऱ्या मादीला गळाने दमवून परत सोडलंत तर ती जगेल कदाचित, पण वरच्या नाल्यात वेळेवर पोचेल याची हमी कोण देणार?

मरळीचं उदाहरण तर याहून बोलकं. मरळ आपल्या पिल्लांची राखण करते. पावसाळ्यात तळ्याच्या कडेला, गवताजवळ, पाण्याच्या वरच्या थरात लालसर पिल्लांचा दाट घोळका हलताना दिसतो. त्याच्या खाली आई-बाप असतात. पिल्लांजवळ काहीही आलं तरी त्यावर तुटून पडतात, त्यामुळे या दिवसांत मरळ गळाला सहज लागते. ती हवेतूनही श्वास घेणारी, चिवट मासळी आहे, तुम्ही तिला पाच मिनिटांनी सोडलंत तर ती पोहत निघून जाईल. पण त्या पाच मिनिटांत राखणदार नसलेल्या घोळक्याचं इतर माशांनी काय केलं ते फोटोत येत नाही.

म्हणून माझं वर्ष कोजागिरीला सुरू होतं आणि मार्कंड्याच्या महाशिवरात्रीच्या जत्रेला संपतं. मार्कंडा देवस्थानाजवळ वैनगंगा वळण घेऊन उत्तरेकडे वाहते; जत्रेला आलेले हजारो लोक तिच्या वाळूत उतरतात, तेव्हाच पाणी बरंच आकसलेलं असतं. जत्रेनंतर मी काठी भिंतीला टांगतो.

शरदातला मासा वेगळाच असतो. वीण झालेली असते, अंगावरची चरबी गेलेली असते, भूक लागलेली असते. पाणी वाहतं असतं म्हणून प्राणवायूची चणचण नसते. आणि खाद्य वरून पडत असतं. धान निसवून पिकायला लागलं की बांध्यांमधले नाकतोडे उडून नाल्यात पडतात. काठावरच्या झाडांवर पानं शिवून घरटी करणाऱ्या लाल मुंग्या असतात, ज्यांची चटणी माडिया लोक आवडीने खातात; वारा सुटला की त्याही पाण्यात पडतात. उंबर पिकला असेल तर त्याची फळं टपटपतात आणि खाली मासे वाट बघत असतात. महासीरच्या कुळातल्या माशांना उंबर फार प्रिय. फ्लाय बांधणाऱ्याला आणखी काय हवं? मी नाकतोडा बांधतो आणि मुंगी बांधतो. घरच्या कोंबड्याच्या मानेची पिसं, बकरीचे केस आणि आरमोरीच्या विणकराकडून आणलेला कोशाचा दोरा. कोसा ओला झाल्यावर त्याचा रंग किंचित गडद होतो आणि तो थेट नाकतोड्याच्या पोटाचा रंग असतो. परदेशी दुकानांतून मागवलेला कुठलाही दोरा हे करत नाही, असं माझं ठाम मत आहे. भाचा हसतो, हसू दे.

मासा शोधायचा कुठे? जिथे धार डोहात पडते त्या तोंडाशी. मासा प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो, कारण खाणं तिकडूनच वाहत येतं; म्हणून माणसाने खालच्या बाजूने, त्याच्या पाठीमागून जावं. सावली पाण्यावर पडता कामा नये. निवळलेल्या पाण्यात मासा तुमचा किडा बघतो हे खरं, पण तुम्हालाही बघतो. आश्विनात ऊन कडक, त्यामुळे सकाळी लवकर किंवा दिवस कलल्यावर. मार्गशीर्ष-पौषात उलट करावं. पहाटे धुक्यात जाऊन कुडकुडण्यात अर्थ नाही. पाण्यावरचे किडे दहा वाजेपर्यंत हलत नाहीत आणि मासेही नाहीत. घरून नीट न्याहारी करून निघावं. दिवाळीनंतर मंडया, म्हणजे गावजत्रा, भरतात, वडशाच्या नाटक कंपन्यांचे प्रयोग गावोगाव रात्रभर रंगतात. नाटक बघून उशिरा उठलेल्या माणसालाही त्या दिवसांतला मासा चुकत नाही.

लागतं काय? बहुतेक वेळा बोटभर ते वीतभर लांबीचे चंदेरी मासे, ज्यांना बाजारात कुणी तोलूनही घेणार नाही. हलक्या काठीवर तेसुद्धा हात हलवून सोडतात. कधी मरळ. भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती एकत्र येतात तो खडकाळ पट्टा मोठ्या माशांचा. त्याच इंद्रावतीत वर, बस्तरच्या बाजूला, चित्रकोट धबधब्याजवळचा बोध मासा प्रसिद्ध आहे. तो तळाशी पडून राहणारा, मिशांचा, माणसाएवढा होऊ शकणारा मासा माझ्या पिसांच्या मुंगीकडे ढुंकूनही बघणार नाही.

इथे एक सूचना, आणि ती गमतीने देत नाही. ब्रह्मपुरी, वडसा, आरमोरीच्या जंगलात वाघ आहे आणि तो नाल्यावर पाणी प्यायला येतो. माशाकडे बघत पाठमोरा उभा असलेला एकटा माणूस ही चांगली कल्पना नाही. २०२१ च्या ऑक्टोबरात छत्तीसगडमधून रानहत्तींचा कळप जिल्ह्यात आला, तेव्हापासून धानाच्या दिवसांत हत्ती आज कुठे आहेत हे विचारून निघावं लागतं. डोहांत मगरी असू शकतात. मी कधीही एकटा जात नाही, ज्याची नदी त्याला बरोबर घेतो.

ज्याची नदी त्याने मला पहिल्याच दिवशी अडवलं होतं. कठाणीवर मी एक मासा गळातून सोडवून पाण्यात ठेवला, तो निघून गेला. माझ्याबरोबरचा धिवर, सत्तरीकडे झुकलेला, बघत होता.

“सोडून द्याचा होता तं पकडला कायले जी?”

मी त्याला समजावलं. पाश्चात्त्य देशांत कसं करतात, माशांची संख्या कशी टिकते वगैरे. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “मंग तोंडाले भोक पाडून त्याले सोडलं, याचं पुण्य कोनाले?”

याला माझ्याकडे अजूनही धड उत्तर नाही. मला दोरी हवेत सरळ होताना बघायला आवडतं, हे खरं कारण. संवर्धन वगैरे नंतर. पण सोडायचाच असेल तर नीट सोडता येतो, आणि ते शिकण्यासारखं आहे. गळाच्या टोकाला मागे वळलेला बारीक काटा असतो. तो पक्कडीने आधीच दाबून सपाट करायचा, म्हणजे गळ सहज निघतो. हात ओले करूनच माशाला धरायचं. माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर हे त्याचं रोगापासूनचं संरक्षण आहे, कोरड्या हाताने किंवा तापलेल्या वाळूवर ठेवल्याने तो निघतो आणि काही दिवसांनी तिथे बुरशी धरते. शक्यतो पाण्याबाहेर काढायचंच नाही. फार वेळ खेळवायचं नाही. माशाचीही दमछाक होते, स्नायूंत आम्ल साचतं आणि दिसायला धडधाकट सुटलेला मासा तासाभराने तळाशी उताणा पडतो. सोडताना तोंड प्रवाहाकडे करून धरायचं, तो स्वतः जोर लावून हातातून निसटेपर्यंत.

हे सगळं कार्तिकात चालतं. वैशाखात यातलं काहीही उपयोगाचं नाही, कारण तेव्हा पाण्यातच दम नसतो. होळीनंतर नद्या तुटतात. धार आटते आणि सलग नदीच्या जागी डोहांची माळ उरते. त्या कोमट डोहांत पुढच्या वर्षीच्या विणीचे सगळे आई-बाप कोंडलेले असतात. तिथे दमवून सोडलेला मासा सावरण्याची शक्यता कमी, आणि त्याला पळून जायला जागाच नाही. उन्हाळ्यात डोहावर काठी घेऊन जाणाऱ्या आणि सोडून देतो म्हणून अभिमानाने सांगणाऱ्या माणसापेक्षा कार्तिकात दोन मासे खाऊन उन्हाळ्यात घरी बसणारा माणूस नदीला जास्त उपयोगी.

डोहांवर आणखी मोठी संकटं आहेत. गेळाची फळं ठेचून पाण्यात टाकायची जुनी रीत होती; त्याने मासे गुंगून वर येत. आता गेळ गोळा करण्याइतका धीर कुणाला? शेतावरचं कीटकनाशक सोपं पडतं, किंवा बॅटरीला वायर जोडून पाण्यात करंट सोडतात. त्याने बोटुकलीपासून आई-बापांपर्यंत आख्खा डोह एका दुपारी रिकामा होतो. स्फोटकं आणि विष वापरून मासे मारण्यावर १८९७ च्या मत्स्यव्यवसाय कायद्यापासून बंदी आहे. कायदा सव्वाशे वर्षांचा झाला. डोहावर लक्ष ठेवायला सरकारी माणूस कधी येणार नाही. ते गावच ठेवू शकतं.

आणि गावाला तो हक्क आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यात सामूहिक हक्कांमध्ये मासे आणि जलाशयांतलं इतर उत्पन्न स्पष्ट शब्दांत नोंदलेलं आहे. याच कठाणीच्या खोऱ्यातलं, धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गाव. ‘मावा नाटे मावा राज’ (आमच्या गावात आमचं राज्य) म्हणणाऱ्या या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. चर्चा बहुधा बांबूची होते, कारण बांबूत पैसा दिसतो. पण नाला, डोह आणि मासा हेही त्याच हक्काच्या कागदात बसतात. म्हणून गडचिरोलीत काठी घेऊन येणाऱ्याने आधी विचारायचं असतं ते ग्रामसभेला. तळ्यांचा मामला निराळा: मामा (माजी मालगुजारी) तलाव आणि धरणांचे जलाशय मच्छीमार संस्थांनी ठेक्याने घेतलेले असतात, त्यात बोटुकली त्यांनी पैसे घालून सोडलेली असते. तिथे न विचारता गरी टाकणं म्हणजे दुसऱ्याच्या बांधीतलं धान कापणं. कापून परत ठेवलं, म्हणून काय झालं?

अभयारण्यात तर प्रश्नच मिटतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या ‘प्राणी’ या व्याख्येत मासाही येतो. ताडोबा-अंधारी, चपराळा, प्राणहिता या हद्दींत सोडून देण्याच्या बोलीवरही गळ टाकता येत नाही. कर्नाटकात कावेरी अभयारण्यातली महासीरची प्रसिद्ध शिबिरं गेल्या दशकाच्या सुरुवातीला याच मुद्द्यावर बंद झाली. त्यावर हौशी मंडळींचा प्रतिवाद असा की शिबिरांमुळे नदीवर राखणदार असत, सुरुंग लावणारे लांब राहत. त्यात तथ्य असेल. पण राखण करण्यासाठी हौशी माणूसच हवा असं नाही. ज्याचं पोट त्या नदीवर आहे त्याला हक्काचा कागद आणि थोडा पाठिंबा दिला तर तोही राखतो. कोकणात महाडजवळ वाळण कोंडीत देवीच्या नावाने महासीर राखले गेले, तिथे ना शिबिर होतं ना काठी.

कधी कधी मात्र हा सगळा सोडण्या-पकडण्याचा वाद मला फारच छोटा वाटतो. अहीर नावाचा सापासारखा लांब मासा आमच्या नद्यांत पूर्वी सर्रास मिळे, असं सगळे जुने धिवर सांगतात. तो वाढतो गोड्या पाण्यात, पण अंडी घालायला समुद्रात जातो आणि त्याची पिल्लं नदी चढून परत येतात. मोठ्या झिंग्याचंही तसंच: त्याची पिल्लं वाढायला खाडीचं मचूळ पाणी लागतं. म्हणजे वैनगंगेतल्या झिंग्याचं बाळंतपण बंगालच्या उपसागराशी, आणि माहेर-सासर यांच्यामधला रस्ता वैनगंगा, प्राणहिता, गोदावरी असा. त्या रस्त्यावर खाली धवळेश्वरमचा बंधारा १८५२ पासूनच उभा आहे. गोसीखुर्दची पायाभरणी १९८८ च्या एप्रिलमध्ये पंतप्रधान राजीव गांधींच्या हस्ते झाली. चामोर्शीजवळ चिचडोह बंधारा झाला. सिरोंच्याजवळ गोदावरीवर मेडीगड्डा बंधारा २०१९ मध्ये सुरू झाला आणि २०२३ मध्ये त्याचे खांब खचले. मी एखादा अहीर अगदी ओल्या हाताने, प्रवाहाकडे तोंड करून सोडला, तरी तो जाणार कुठे? धरणाच्या कर्जाच्या फायली माझ्या टेबलावर कधी आल्या नाहीत, जाळ्यांच्या आल्या. धरण झाल्यावर हप्ते का थकले हे त्या फायलींत लिहायला रकाना नव्हता.

काही मासे मी सोडत नाही हेही सांगून टाकतो. चिलापी सोडत नाही. बाहेरून आलेला हा मासा कुठल्याही पाण्यात भरमसाट वाढतो आणि गावच्या माशांची जागा खातो. आफ्रिकी मांगूर पाळण्यावर केंद्र सरकारने २००० मध्येच बंदी घातली, तरी तो तळ्यांतून निसटून नाल्यांत सापडतो. तो तर मुळीच परत जाऊ नये. ‘सगळं सोडा’ म्हणणाऱ्या नियमाला हा फरक कळत नाही.

आमचा व्यवहार आता असा ठरला आहे. डोंगा आणि दिवस यांचे पैसे वेगळे. चिलापी निघाली तर ती डोंग्यावाल्याची. खाण्याजोगा मासा मी सोडला, तर त्या दिवशीच्या बाजारभावाने त्याची किंमत मी द्यायची, कारण तो त्याच्या नदीतला होता आणि त्याच्या डोळ्यांसमोर मी तो घालवला. वजनाचा अंदाज तोच करतो आणि नेहमी पावशेर जास्त सांगतो. मी बँकेतला माणूस, व्याजाची भाषा काढली. म्हटलं, अरे, मासा नदीतच शिल्लक आहे ना, उद्या तुझ्याच जाळ्यात येईल, मग दोनदा पैसे कसे?

“उद्या तो खालच्या गावाच्या जाळ्यात जाते,” तो म्हणाला, “काढा पैसे.”